कमानीची दारे आणि काचेची कपाटे : आपल्या कारागिरीचा एक विस्मृत अध्याय

समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत आपल्या पूर्वजांच्या कार्याविषयी चार शब्द असावेत, हा प्रघात जुना आहे. असे लेख बहुधा देवळांचे सभामंडप, रथ, पालख्या आणि वाड्यांचे नक्षीदार खांब यांविषयी असतात, व ते योग्यच आहे. यंदा मात्र आम्ही वाचकांचे लक्ष त्याहून पुष्कळ साध्या वस्तूंकडे वेधू इच्छितो. ओटीवरून माजघरात जाताना लागणारे, माथ्यावर अर्धवर्तुळाकार रंगीत तावदान असलेले दार, आणि माजघराच्या भिंतीशी उभे असलेले, कमानदार काचेच्या झडपांचे सागवानी कपाट, या त्या वस्तू होत. आपल्यापैकी कित्येकांचे बालपण या दारांतून धावण्यात आणि त्या कपाटाच्या काचेला नाक लावून आतील खाऊचा डबा न्याहाळण्यात गेले असेल. तथापि या वस्तू कोठून आल्या, कोणी घडविल्या आणि त्या घडविण्यात आपल्या सुतार समाजाचा वाटा किती, याचा विचार आपण क्वचितच करतो.

काचेपूर्वीचे घर

‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ या संस्कृत शब्दावरून आला, हे सर्वश्रुत आहे. सूत्र धरणारा, म्हणजे माप आणि रेषा यांचा स्वामी, तो सुतार. गावगाड्यात बारा बलुतेदारांत त्याचा मान पहिल्या ओळीचा. नांगर, कुळव, पाभर आणि गाडी ही त्याची नित्याची कामे. घर बांधावयाचे झाले की चौकट, तुळया, खांब आणि कवाडे हीही त्याचीच. त्या काळच्या घराला काच ठाऊक नव्हती. उजेड येई तो चौकातून आणि गजांच्या खिडक्यांतून. दार हे बंद करण्यासाठी असे, त्यातून पाहण्यासाठी नव्हे. जाड सागवानी फळ्या, लोखंडी खिळे, अडसर, कडी-कोयंडा आणि वर गणेशपट्टी, असे त्याचे रूप. वस्तू ठेवण्यासाठी भिंतीच्या जाडीत फडताळ असे आणि त्याच्याही झडपा भरीव लाकडाच्याच असत.

‘कपाट’ या शब्दाकडेच पाहावे. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी, कवाड. मराठीत मात्र ते त्या दारामागील पेटीचे, सामानाच्या उभ्या मांडणीचे नाव झाले. ‘अलमारी’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि ‘तावदान’ फारसीतून. घरातील एवढ्याशा कोपऱ्यात तीन भाषा एकत्र नांदतात, यावरूनच या वस्तूंचा प्रवास किती दुरून झाला हे ध्यानी येईल.

कमान मात्र आपल्याला परकी नव्हती. दगडी कमान गवंड्याची. लाकडी कमान, म्हणजे महिरप, आपली. वाड्याच्या दिवाणखान्यात दोन सुरूदार खांबांमधून जी नागमोडी महिरप दिसते, तिच्यावर छपराचा भार नसतो. भार तुळई वाहते, महिरप केवळ शोभा देते. पुण्याचा विश्रामबागवाडा, जो दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधविला, किंवा वाईजवळील मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा पाहिला म्हणजे त्या काळच्या सुतारकामाची कल्पना येते. काच त्या काळी श्रीमंतांच्या घरी येई ती आरसे, हंड्या आणि झुंबरे यांच्या रूपाने. शनिवारवाड्यात आरसे महाल होता. १८२८ च्या आगीत वाड्याच्या लाकडी इमारतींबरोबर ते वैभवही गेले.

गोमंतकात याच प्रश्नाचे उत्तर निराळ्या रीतीने शोधले गेले. तेथे चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोनी तुकडे कापून लाकडी जाळीत बसवीत आणि खिडकीची तावदाने करीत. त्यांतून बाहेरचे दिसत नसे, पण दुधाळ, थंड उजेड आत येई. गोव्याच्या जुन्या घरांत व चर्चमध्ये अशी तावदाने आजही पाहावयास मिळतात. ठिसूळ आणि चकचकीत वस्तू लाकडाच्या बारीक चौकटीत धरून ठेवण्याची विद्या पश्चिम किनाऱ्यावरील कारागिरांना काच सुलभ होण्यापूर्वीच अवगत होती, याचा हा पुरावा होय.

काचेचे कपाट विलायतेत कसे जन्मले

काचेच्या झडपांच्या कपाटाचा इतिहास सांगताना इंग्लंडातील एका गृहस्थाचे नाव घ्यावेच लागते. सॅम्युएल पीप्स हा लंडनच्या आरमारी खात्यातील अधिकारी. त्याने १६६० ते १६६९ या काळात लिहिलेली रोजनिशी जगप्रसिद्ध आहे. घरात पुस्तके इतकी झाली की ती खुर्च्यांवर एकावर एक पडू लागली, तेव्हा १६६६ च्या उन्हाळ्यात त्याने सिम्पसन नावाच्या सुताराला बोलाविले आणि दोघांनी मिळून पुस्तकांच्या कपाटांची आखणी केली. हा सिम्पसन आरमाराच्या गोदीतील सुतारकाम करणारा होता. त्याने ओक लाकडाची, काचेच्या दारांची कपाटे करून दिली. पुढे त्यांची संख्या १२ झाली. त्यांत सुमारे ३,००० ग्रंथ मावले. पीप्सच्या इच्छेनुसार तो संग्रह १७२४ मध्ये केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात गेला, आणि ती कपाटे अद्यापि तेथे उभी आहेत. काचेच्या दारांची पुस्तकांची कपाटे इंग्लंडात जी टिकून आहेत, त्यांत ही अगदी आरंभीची समजली जातात.

या हकिकतीतील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. जहाजाच्या गोदीत काम करणाऱ्या सुताराचे नाव साडेतीनशे वर्षांनंतरही आपण घेऊ शकतो. ते का? त्याचे काम उत्तम होते म्हणून खरेच, परंतु तेवढ्यानेच नव्हे. ज्याच्या घरी त्याने काम केले त्या घरधन्याने ते नाव लिहून ठेवले, म्हणून. या मुद्द्याकडे आम्ही शेवटी पुन्हा येणार आहोत.

त्या कपाटांच्या काचा लहान लहान होत्या, याचे कारण काच करण्याच्या रीतीत आहे. त्या काळी काच फुंकून करीत. नळीच्या टोकाशी फुगविलेला तप्त गोळा गरगर फिरवून त्याची चकती करीत, अथवा लांबट नळकांडे फुंकून ते उभे चिरीत आणि पुन्हा तापवून सपाट उलगडीत. अशा काचेचा मोठा, सपाट तुकडा दुर्मिळ व महाग. फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस द्रव काच ओतून मोठे पत्रे करण्याची कृती निघाली, परंतु ती काच घासून गुळगुळीत करावी लागे व तिचा खर्च श्रीमंतांनाच झेपे. त्यातच इंग्लंडात १७४६ मध्ये काचेवर वजनी कर बसला, तो १८४५ पर्यंत टिकला. म्हणून सुतारांनी लाकडाच्या बारीक पट्ट्यांची जाळी करून तीत लहान काचा बसविण्याची युक्ती काढली. थॉमस चिपेंडेल याने १७५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नमुन्यांच्या पुस्तकात अशा कपाटांचे कितीतरी प्रकार आहेत. काहींच्या पट्ट्या टोकदार कमानींसारख्या वळविलेल्या. आज जिला आपण शोभेची नक्षी समजतो, ती मुळात अडचणीतून निघालेली वाट होती.

कर उठल्यावर काच स्वस्त झाली. १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनासाठी जो काचमहाल उभारला गेला, त्यात सुमारे ३ लाख तावदाने होती आणि प्रत्येक तावदान ४९ इंच लांब व १० इंच रुंद. काच ही राजवाड्याची वस्तू न राहता बाजाराची वस्तू झाल्याचा तो जाहीरनामाच होता.

मुंबईच्या किनाऱ्यावर

हीच काच पेट्यांत गवतामध्ये बांधून जहाजांनी मुंबईस उतरू लागली. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर तो प्रवास आणखी जवळचा झाला. १८६० नंतरच्या दशकात कापसाच्या तेजीने मुंबईत पैसा खेळू लागला, किल्ल्याचा तट पाडला गेला, आणि टोलेजंग इमारती उठू लागल्या. त्यांतील बहुतेक इमारतींचा आत्मा कमान हाच होता. १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई मनोरा व त्याखालील विद्यापीठाचे ग्रंथालय यांच्या कमानदार खिडक्यांतील रंगीत काचा ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना अधिक सांगणे नको. १८७२ मध्ये भायखळ्यास उघडलेले व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम, ज्याला १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले गेले, त्यात वस्तू मांडल्या गेल्या त्या लाकडी चौकटींच्या काचेच्या कपाटांत. सामान्य माणसाने काचेपलीकडे नीट मांडून ठेवलेली वस्तू डोळे भरून पाहावी, ही कल्पना या शहरात तेथे रुजली. त्याच शतकात मुंबईचे शिसवी लाकडाचे, दाट पानाफुलांच्या कोरीव कामाचे सामान देशोदेशी नावाजले गेले.

दुकानांनी आणि घरांनी हाच कित्ता गिरविला. सराफांच्या पेढ्या, कापडाची दुकाने, औषधांची दुकाने आणि पुढे इराण्यांची हॉटेले यांत काचेची कपाटे आली. तेथून ती गिरगावच्या बिऱ्हाडांत आणि मुंबईत कमावलेल्या पैशावर कोकणात बांधलेल्या घरांत पोहोचली. दारांच्या माथ्यावर अर्धवर्तुळाकार तावदाने आली, त्यांत निळी, तांबडी, हिरवी, पिवळी काच. निळा रंग कोबाल्टचा, हिरवा लोखंडाचा किंवा क्रोमियमचा, तांबडा तांब्याचा वा सोन्याचा. दुपारी त्यांचे रंग शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडत, ते अनेकांच्या स्मरणात असतील.

आपल्याकडेही काच करण्याचे प्रयत्न झाले. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये निघाला. ओगले बंधूंचा कारखाना १९१६ मध्ये. त्यांचा भर मुख्यतः चिमण्या, कंदील, बाटल्या अशा मालावर होता. दारा-कपाटांची सपाट काच दीर्घकाळ परदेशचीच राहिली. ‘बेल्जमची काच’ हा शब्दप्रयोग त्या काळची खूण म्हणून आपल्या बोलण्यात उरला आहे.

येथे सत्यास धरून एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. ही कामे एकट्या आपल्या समाजाने केली असे नव्हे. मुंबईच्या सुतारकामात गुजराती, कच्छी, गोमंतकीय असे अनेक हात होते. परंतु त्यांत आपलेही हात होते, आणि नांगर-गाडीचे काम करणाऱ्या त्या हातांनी हे नवे, नाजूक काम एका पिढीत आत्मसात केले, ही अभिमानाची बाब आहे.

काम कसे चाले

कमानदार काचेची झडप करणे हे दिसते तितके सोपे नाही. नव्या पिढीतील कित्येकांनी ते पाहिलेही नसेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

रुंद फळीतून कमान सबंध कापून काढली, तर तिच्या दोन्ही टोकांशी लाकडाची शीर आडवी पडते व तेथे ती मोडते. म्हणून जाणता सुतार कमान दोन किंवा तीन तुकड्यांत, प्रत्येक तुकड्याची शीर वळणाच्या कलाने धरून कापी आणि सांधे घट्ट बसवून सरसाने जोडी. त्यासाठी प्रथम पातळ फळीचा साचा करावा लागे. एकाच घरातील सर्व कमानी एकसारख्या येत त्या या साच्यामुळे. काच बसण्यासाठी चौकटीच्या आतील कडेला खाच लागते. सरळ बाजूंची खाच रंध्याने निघते. कमानीच्या वळणातील खाच मात्र पटाशीनेच, हाताने काढावी लागे. काच कापावयाची ती हिरकणीने. कागदाचा साचा काचेखाली ठेवून एकाच दाबाने, हात न उचलता वळणाची रेघ ओढावयाची, खालून हलकेच ठोकावयाचे आणि बाहेरचा भाग तुकड्या-तुकड्याने सोडवावयाचा. रेघ दुसऱ्यांदा ओढली की काच वाया गेली असे समजावे.

आता यातील खरे मर्म. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटते. काच फुगत नाही व आटत नाही. अशा दोन स्वभावांच्या वस्तूंचा संसार एका चौकटीत लावून द्यावयाचा आहे. नवशिका सुतार काच घट्ट बसवितो आणि पहिल्याच आषाढात ती तडकते. जाणता सुतार ती सुतभर लहान कापतो, तिला हलण्यास जागा ठेवतो, आणि बाहेरून खिडकी असेल तर खडूची पूड व जवसाचे तेल मळून केलेल्या लांबीने, कपाट असेल तर बारीक लाकडी पट्टीने ती धरतो. दगडी कमान भार वाहते. महिरप शोभा देते. काचेच्या कमानीचे काम तिसरेच. जे मोडू शकते त्याला, स्वतः हलत राहून, मोडू न देणे हे ते काम. शंभर-शंभर पावसाळे काढून ज्या काचा अजून अभंग आहेत, त्या या सुतभर मोकळ्या जागेच्या पुण्याईने.

खरे जुने आणि नवे जुने

पुढे काच यंत्राने ओढली जाऊ लागली, आणि १९५९ मध्ये इंग्लंडात पिलकिंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून ती आरशासारखी सपाट करण्याची रीत जाहीर केली. इकडे गोदरेजची लोखंडी कपाटे १९२३ पासून घरांत शिरू लागली होती. लाकडी काचेच्या कपाटाची गरज उणी होत गेली, आणि गरज संपल्यावर त्याला ‘पुराणवस्तू’ म्हणून किंमत आली. मुंबईच्या चोरबाजारात व जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या लाकडी सामानाच्या बाजारात जुनी कमानदार दारे उभी दिसतात, आणि त्यांच्याशेजारी जुनी भासावीत म्हणून रंगविलेली नवीही.

खरे जुने ओळखण्याच्या काही खुणा आहेत. काचेत तिरके पाहिले असता पलीकडची वस्तू किंचित लहरते. आत बारीक बुडबुडे दिसतात. कडेने पाहिल्यास लोहांशामुळे हिरवट झाक असते. काच शतकानुशतके खाली ओघळत जाते व म्हणून तळाशी जाड होते, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नव्हे. जाडीतील फरक हा ती करण्याच्या रीतीतलाच असतो. झडप उघडून मागची बाजू पाहावी. जेथे कोणी पाहणार नाही तेथे रंध्याच्या व पटाशीच्या खुणा तशाच राहिलेल्या असतात.

या मागच्या बाजूविषयी आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगताना संकोच वाटतो, तरी सांगितलीच पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमचे गावचे घर उतरविण्याचे ठरले. भावाभावांत वाटण्या झाल्या, भिंती ओल्या झाल्या होत्या, आणि माजघरातील मोठे कपाट कोणाच्याच शहरातील जागेत मावणारे नव्हते. जुन्या सामानाचा एक व्यापारी ते घेण्यास आला. गाडीत चढविण्यापूर्वी त्याच्या माणसाने काचा सांभाळण्यासाठी झडपा उतरविल्या व एका कमानीच्या आतली पट्टी काढली. पट्टीखाली, जेथे शंभराहून अधिक वर्षे उजेड पोहोचला नव्हता, तेथे शिसपेन्सिलीने लिहिलेली एक ओळ होती. तीत माप होते, शके १८२१ हा सन होता, आणि नाव होते. नावाची आरंभीची अक्षरे सरसाच्या डागाखाली गेली होती. शेवटचा शब्द तेवढा स्वच्छ वाचता आला : ‘सुतार’.

शके १८२१ म्हणजे इसवी सन १८९९. आमचे पणजोबा त्या सुमारास मुंबईहून शिकून आलेले कारागीर होते, असे आजी सांगत असे. ते अक्षर त्यांचे की त्यांच्या हाताखालच्या कोणाचे, हे सांगू शकेल असे घरात कोणी उरले नव्हते. आम्ही ती ओळ वाचली, एकमेकांकडे पाहिले, आणि तरीही कपाट जाऊ दिले, कारण व्यवहार ठरला होता आणि गाडी दारात उभी होती. त्या ओळीचे साधे छायाचित्रही घेण्याचे आम्हांस सुचले नाही. व्यापाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही; त्याने ठरलेले दाम दिले. दोष आमचा.

लंडनच्या सिम्पसनचे नाव राहिले, कारण घरधन्याने ते लिहिले. आमच्या घरी तर कारागिराने स्वतः नाव लिहून ठेवले होते, आणि ते वाचणारेही त्याच रक्ताचे होते. तरी ते गेले.

यास्तव सर्व ज्ञातिबंधू-भगिनींस आमची नम्र विनंती आहे. प्रत्येक जुने कपाट ठेवावे, असे आम्ही म्हणत नाही. बदलत्या काळात ते शक्य नाही. ज्यांना ते द्यावयाचेच आहे, त्यांनी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी वाड्यांची दारे आणि चौकटी कशा जपल्या आहेत ते एकदा पाहावे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परदेशी पाठविण्यास १९७२ च्या कायद्याने निर्बंध आहे, हेही ध्यानी असावे. परंतु वस्तू घराबाहेर जाण्यापूर्वी तिची झडप उघडावी, पट्टीखाली पाहावे, छायाचित्र घ्यावे, माप घ्यावे. जुनी काच तडकली नसेल तर केवळ नवेपणासाठी ती बदलू नये. घरात कोणी वृद्ध कारागीर असतील, तर त्यांच्याजवळ बसून साचा कसा करीत, हिरकणी कशी धरीत, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. ते शब्दही आता दुर्मिळ होत आहेत. अशा नोंदींसाठी समाजाने एक वही घालावी आणि पुढील स्मरणिकेत त्यांतील काही छापाव्यात, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे ठेवीत आहोत. त्या वहीतील पहिली नोंद आम्हीच करू. तीत कारागिराच्या नावाची जागा रिकामी असेल. सन मात्र असेल, आणि ‘सुतार’ हा शब्द असेल.